मिलेचा पेरणारा आणि व्हिन्सेंटचे रंग: एका शिष्यत्वाचा प्रकरण अभ्यास

चित्रकार ज्याँ-फ्राँस्वा मिले २० जानेवारी १८७५ रोजी फ्रान्समधल्या बार्बिझाँ या खेड्यात वारला. व्हिन्सेंट व्हॅन गॉग त्या वेळी एकवीस वर्षांचा होता आणि गुपिल या चित्रविक्रीच्या पेढीत नोकरी करत होता. चित्रकार व्हायचे त्याने ठरवले ते आणखी पाच वर्षांनी. दोघांची कधी भेट झाली नाही. मिलेने व्हिन्सेंटची एक रेघही पाहिली नाही, शिकवणे तर दूरच. तरीही व्हिन्सेंट त्याला ‘बाबा मिले’ म्हणायचा, तरुण चित्रकारांचा सगळ्याच बाबतींतला सल्लागार आणि वाटाड्या मानायचा. १८८९-९० च्या शरद आणि हिवाळ्यात, मृत्यूला वर्षही उरले नसताना, त्याने मिलेच्या चित्रांवरून एकवीस तैलचित्रे केली.

चित्रकला शिकवणाऱ्याला हा प्रश्न नेहमी भेटतो. एखादा विद्यार्थी कुणा चित्रकाराच्या प्रेमात पडतो, त्याच्यासारखे काढू लागतो, आणि आजूबाजूचे सगळे त्याला एकच विचारतात: हे त्याचे झाले, तुझे कुठे आहे? कधी हे विचारणे योग्य असते, कधी ते फार लवकर विचारलेले असते. व्हिन्सेंट आणि मिले यांचे प्रकरण तपासायला घ्यावे ते एवढ्यासाठी, की इथे अंदाजावर चालावे लागत नाही. व्हिन्सेंटची आठशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतली बहुतेक धाकटा भाऊ थिओ याला लिहिलेली आहेत. समोर कोणते चित्र ठेवले, ते किती वेळा काढले, कुठे अडले, पुन्हा का हाती घेतले, हे तो तपशिलाने लिहितो. मिलेची मूळ कामे आणि त्यांवरून व्हिन्सेंटने केलेली कामे आज संग्रहालयांत आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

ती तशी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे: मिलेकडून जे मिळाले त्याने व्हिन्सेंटचा हात आणि दृष्टी घडली, पण त्याचे स्वतःचे काम उभे राहिले ते मिलेकडून त्याच्यापर्यंत न पोचलेल्या गोष्टीवर. ती गोष्ट म्हणजे रंग. व्हिन्सेंटने मिले अनुभवला तो मुख्यतः छापचित्रांतून आणि छायाचित्रांतून, म्हणजे काळ्या-पांढऱ्यात. ती उणीव त्याला सुरुवातीला जाणवलीही नाही. पुढे तिथेच त्याला जागा सापडली.

भक्ती आधी, हात नंतर

मिले नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याच्या घरात जन्मला, शेतावर राबला, मग पॅरिसला चित्रकला शिकला आणि १८४९ मध्ये बार्बिझाँला जाऊन राहिला. त्याचे ‘पेरणारा’ हे चित्र १८५० चे, ‘सरवा वेचणाऱ्या बायका’ १८५७ चे. शेतात राबणारी माणसे आधीही चित्रांत होती, पण ती बहुधा देखाव्याचा भाग म्हणून लहानशी यायची. मिलेने त्यांना पूर्ण आकाराचे वजन दिले. त्याचा पेरणारा उतारावरून मोठ्या ढांगा टाकत, मुठीने बी फोकत येतो आणि जवळजवळ सगळी चौकट व्यापतो. १८४८ च्या क्रांतीला दोनच वर्षे झाली होती. अशा वेळी एवढा मोठा, एवढा जोमदार शेतकरी भिंतीवर पाहून पॅरिसमधले काही प्रेक्षक अस्वस्थ झाले.

व्हिन्सेंटच्या पत्रांत मिले पहिल्यांदा ठळकपणे भेटतो तो जानेवारी १८७४ मध्ये. ‘अँजेलस’ या चित्राबद्दल तो थिओला लिहितो की हेच ते, यात श्रीमंती आहे, हे काव्य आहे. पुढच्या वर्षी, जून १८७५ मध्ये, पॅरिसच्या ओतेल द्रुओ या लिलावगृहात मिलेची रेखाटने आणि पेस्टल चित्रे विक्रीला मांडली होती. त्या दालनात शिरताना आपल्याला वाटले की पायांतली पादत्राणे काढावीत, कारण ही भूमी पवित्र आहे, असे त्याने लिहिले. हे बायबलमधल्या मोशेच्या प्रसंगाचे शब्द. व्हिन्सेंटचे वडील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते, त्यामुळे हे शब्द त्याच्या कानावर लहानपणापासूनचे.

या टप्प्यावर त्याच्या हातात काहीच नव्हते. फक्त भक्ती होती. प्रकरणातला हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चित्रकार होण्याची महत्त्वाकांक्षा आणि चित्राचे प्रेम एकमेकांत मिसळलेले नाहीत. तो मिलेकडे ‘हे मला कसे जमेल’ म्हणून पाहत नव्हता. वर्षानुवर्षे तो नुसता पाहत होता, आणि पेढीवरच्या नोकरीमुळे पाहायला भरपूर मिळत होते.

मग नोकरी गेली. शिक्षकी, पुस्तकांचे दुकान, धर्मशास्त्राचा अर्धवट अभ्यास, बेल्जियमच्या बोरिनाज या कोळसाखाणींच्या पट्ट्यातले धर्मप्रचाराचे काम, हे सगळे एकामागून एक सुटत गेले. १८८० मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. आणि ठरवल्यावर पहिली मागणी थिओकडे केली ती मिलेच्या छापचित्रांची.

एकच आकृती, पुन्हा पुन्हा

त्या काळात खेड्यात बसून चित्रकला शिकणाऱ्याला मूळ चित्र पाहायला मिळणे अशक्यच. मिळायची ती लाकडावर कोरून छापलेली किंवा एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेली, प्रत. मिलेच्या ‘शेतातली कामे’ या दहा रेखाटनांचा संच आद्रिएन लाव्हिएय या कोरक्याने लाकडावर उतरवला होता: कापणी, पेंढ्या बांधणे, मळणी, मेंढ्यांची लोकर कातरणे, सूत कातणे, लाकूड फोडणे. व्हिन्सेंटने ही दहाही चित्रे उतरवली. जोडीला शार्ल बार्ग याचा गुपिलनेच छापलेला रेखाटनाचा पाठ्यक्रम होता, तोही तो पान न पान गिरवत होता.

सप्टेंबर १८८० मध्ये तो थिओला कळवतो की ‘पेरणारा’ पाच वेळा काढून झाला आहे, दोनदा लहान आणि तीनदा मोठा, तरी आपण पुन्हा त्याच्याकडे वळणार आहोत, इतकी ती आकृती मनात बसली आहे. एप्रिल १८८१ मधला एक पेरणारा आज ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. तो पाहिला की दोन गोष्टी दिसतात. आकृती अवघडलेली आहे: पाय जमिनीवर नीट टेकत नाही, खांदा आणि हात यांचा सांधा पटत नाही. मिलेच्या पेरणाऱ्यातला जोर त्यात नाही. दुसरी गोष्ट अशी, की व्हिन्सेंटने आकृतीबरोबर एचिंगच्या रेघाही उतरवल्या आहेत. छाया दाखवण्यासाठी एचिंगमध्ये जवळजवळ, समांतर, दिशा बदलत जाणाऱ्या रेघा ओढाव्या लागतात. व्हिन्सेंटने त्या एकेक करून पेनने ओढल्या.

इथे जरा थांबतो. आज ज्याला आपण ‘व्हॅन गॉगचे फटकारे’ म्हणून ओळखतो, ते आकाराच्या वळणाप्रमाणे वळणारे, एकमेकांना लागून पळणारे रंगाचे पट्टे, त्यांची एक मुळी मला या गिरवण्यात दिसते. पुढे दक्षिण फ्रान्समधल्या आर्लमध्ये बोरूच्या लेखणीने केलेली त्याची रेखाटने आणि जवळच्या सँ-रेमीतली तैलचित्रे पाहिली, की छापचित्राची ती रेघ रंगात गेल्यासारखी वाटते. मिलेचे मूळ तैलचित्र समोर ठेवून तो शिकला असता, तर ही रेघ त्याला कदाचित मिळाली नसती. मधल्या कोरक्यांच्या मेहनतीचेही त्याच्यावर ऋण आहे, आणि ते सहसा कुणी मोजत नाही.

या टप्प्यावर त्याला कुणी ‘तुझे कुठे आहे’ विचारले असते तर दाखवायला काही नव्हते. पाच वेळा काढलेला पेरणारा पाचही वेळा मिलेचाच होता, आणि मिलेहून कच्चा. तरीही ते काम वाया गेले नाही.

पुस्तकातला मिले

मार्च १८८२ मध्ये हेगमध्ये असताना व्हिन्सेंटने आल्फ्रेद साँसिए याने लिहिलेले मिलेचे चरित्र वाचले. ते त्याला इतके लागले की रात्री जाग आली की दिवा लावून तो वाचत बसे. चित्रकलेत आपली कातडी पणाला लावावी लागते, हे मिलेचे वचन त्याने तिथून उचलले आणि जन्मभर वापरले.

आता या चरित्रातला मिले पूर्ण खरा नव्हता. मिले शेतकऱ्याचा मुलगा होता, पण लॅटिन शिकलेला, रोमन कवी व्हर्जिल वाचणारा, पॅरिसमध्ये देलारोश याच्याकडे शिक्षण घेतलेला चित्रकार होता. सुरुवातीच्या काळात त्याने पोटासाठी व्यक्तिचित्रे आणि नग्नचित्रेही काढली. साँसिएच्या पुस्तकात पुढे येतो तो साधा, गरीब, देवभोळा खेडूत. व्हिन्सेंटने तोच मिले मनात धरला. इतकेच काय, तसे जगायचाही प्रयत्न केला: शेतकऱ्यांत राहायचे, त्यांच्यासारखे खायचे, अंगावरच्या कपड्यांची फिकीर करायची नाही.

आवडत्या कलावंताची जी प्रतिमा विद्यार्थी मनात बांधतो ती पुष्कळदा अशी अर्धीच खरी असते. ती दुरुस्त करायची घाई शिक्षकाने करावी का, याबद्दल माझे मन द्विधा आहे. या प्रकरणात तरी त्या अर्ध्या खऱ्या प्रतिमेने व्हिन्सेंटला नेदरलँड्समधल्या न्यूनेन या खेड्यातल्या शेतमजुरांच्या झोपडीत नेऊन बसवले. सगळा खरा मिले कळला असता तर तो तिथे गेला असता की पॅरिसच्या एखाद्या चित्रशाळेत, कोण जाणे.

मातीचा रंग आणि मित्राचे पत्र

न्यूनेनमध्ये एप्रिल-मे १८८५ मध्ये ‘बटाटे खाणारे’ झाले. पाच माणसे, एक टांगता दिवा, मधोमध बटाट्यांची पाटी. त्याने थिओला समजावून लिहिले की ही माणसे ज्या हातांनी बटाटे खात आहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे चित्रात दिसले पाहिजे. मिलेच्या शेतकऱ्याबद्दल एक उद्गार त्याच्या आवडीचा होता: तो ज्या मातीत पेरतो त्याच मातीने रंगवल्यासारखा वाटतो. व्हिन्सेंटने तो उद्गार अक्षरशः घेतला. चेहऱ्यांचा रंग न सोललेल्या, धुळीने माखलेल्या बटाट्यासारखा केला.

माझ्या मते इथे त्याची मिलेवरची श्रद्धा त्याच्या आड आली. छापचित्रांतला मिले काळोखा दिसतो, कारण शाई काळी असते. व्हिन्सेंटने तो काळोख तत्त्व म्हणून स्वीकारला. मिलेच्या स्वतःच्या तैलचित्रांत, आणि पेस्टलमध्ये तर विशेषच, उजेड आहे, संध्याकाळचे गुलाबी-सोनेरी रंग आहेत. ‘बटाटे खाणारे’ हे मोठे चित्र आहे, त्यातल्या हातांकडे मी पुन्हा पुन्हा जातो. पण रंगाच्या बाबतीत ते छापचित्राच्या शाईतून आलेले चित्र आहे.

त्या चित्राचा लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली प्रत, त्याने मित्र आणि सहचित्रकार अँथॉन व्हान रापार्ड याला पाठवला. मे महिन्यात उत्तर आले ते जिव्हारी लागणारे होते. आकृत्या वरवरच्या आहेत, हालचाल खोटी आहे, असे एकेक सांगत रापार्डने शेवटी विचारले की असे काम करून तू मिले आणि ब्रेताँ यांची नावे घ्यायला धजतोस कसा? ब्रेताँ म्हणजे ज्यूल ब्रेताँ, शेतकरीजीवन रंगवणारा आणखी एक मान्यवर चित्रकार. व्हिन्सेंटने ते पत्र परत पाठवून दिले. काही काळ पत्रे चालली, पण मैत्री पूर्वीसारखी राहिली नाही.

रापार्डची टीका शरीररचनेपुरती बरीचशी बरोबर होती. लिथोग्राफमधले हात-पाय खरोखरच डळमळीत आहेत. पण त्याने वापरलेले माप चुकीचे होते. तो मिलेची सफाई शोधत होता. व्हिन्सेंट सफाई मागायला मिलेकडे गेलाच नव्हता. राबणाऱ्या माणसाला चित्रात पूर्ण वजन देण्याचा अधिकार त्याने तिथून घेतला होता. विद्यार्थ्याचे काम त्याच्या आदर्शाशेजारी ठेवून तपासताना अशी गल्लत आजही होते, आणि ती विद्यार्थ्याला फार महागात पडते.

पिवळा आणि जांभळा

१८८६ ते १८८८ ही दोन वर्षे पॅरिसमध्ये गेली. तिथे इम्प्रेशनिस्टांची, म्हणजे उजळ रंगांत प्रकाश टिपणाऱ्या चित्रकारांची, चित्रे पाहून त्याच्या रंगपेटीतला काळोख गेला, जपानी छापचित्रांचा नाद लागला, १८८७ मध्ये हिरोशिगेच्या दोन छापचित्रांवरून त्याने तैलचित्रे केली आणि त्यांतले रंग मुद्दाम मुळापेक्षा भडक केले. या दोन वर्षांवर स्वतंत्र अभ्यास होऊ शकतो. आपल्या प्रकरणापुरते एवढेच, की आता त्याच्याकडे असे काही आले होते जे मिलेकडून मिळालेले नव्हते.

ते घेऊन तो फेब्रुवारी १८८८ मध्ये दक्षिणेला आर्लला गेला. आणि जूनमध्ये, शेतांत उभ्या पिवळ्या गव्हाच्या मधोमध, त्याला पुन्हा तोच पेरणारा आठवला. थिओला लिहिलेल्या पत्रात तो नेमके म्हणतो: मिलेचा पेरणारा रंगहीन करडा आहे, आता तो रंगात, पिवळ्या आणि जांभळ्याच्या एकाच वेळी होणाऱ्या टकरीत, रंगवता येईल का? मिले आणि शेतकरीजीवनच रंगवणारा लेर्मित यांच्यानंतर करायचे शिल्लक राहिले आहे ते हेच, मोठ्या आकाराचा रंगीत पेरणारा.

पत्रव्यवहारातली ही ओळ मला या संपूर्ण प्रकरणाची गुरुकिल्ली वाटते. आठ वर्षे ज्या आकृतीला तो शरण होता, तिच्यात काय नाही हे त्याला आता दिसले. हे दिसायला आधी ती आकृती पाठ व्हावी लागली. पाच वेळा गिरवताना हात आकृतीशी झगडत होता, रंगाचा विचार करायला मन मोकळे नव्हते. आकृती हाताला बसली तेव्हाच मनाला तिच्या पलीकडे पाहता आले. आणि तरी त्याने मिलेला खोडून काढले नाही. मिलेने अर्धवट ठेवलेले काम पुढे न्यावे तसा त्याचा सूर आहे.

त्या जूनमधले चित्र आज नेदरलँड्समधल्या क्रॉलर-म्युलर संग्रहालयात आहे. ढांग मिलेची, फेकलेला हात मिलेचा. पण आकृती लहान झाली आहे, बाजूला सरकली आहे, आणि चित्राच्या मध्यावर सूर्य आला आहे. नांगरलेली जमीन जांभळ्या-निळ्या आणि नारिंगी फटकाऱ्यांची. मागे क्षितिजाशी पिकलेला गहू उभा आहे. आता पेरणी आणि कापणीला आलेले पीक एकाच वेळी, शेजारी शेजारी, हे शेतीच्या हिशेबाने जुळत नाही. आपल्याकडचा कुणीही शेतकरी ते पहिल्या नजरेत सांगेल. व्हिन्सेंटला त्याची पर्वा नव्हती. प्रत्यक्षातले रंग काय आहेत याची आपल्याला चिंता नाही, असे त्याने मित्र एमिल बेर्नार याला त्याच चित्राबद्दल लिहिले. तरी तो समाधानी नव्हता. त्याने चित्रावर पुन्हा हात फिरवला, आकाश बदलले.

नोव्हेंबरमध्ये, चित्रकार गोगँ आर्लला त्याच्याबरोबर राहत असताना, तो पुन्हा पेरणाऱ्याकडे गेला. आता पिवळट हिरवे आकाश, त्यात गुलाबी ढग, जांभळे शेत, लिंबाच्या रंगाची सूर्याची प्रचंड तबकडी. पेरणारा आणि झाड गडद प्रशियन निळे. झाडाचे खोड जपानी छापचित्रात असते तसे चौकट तिरकी कापत जाते. सूर्य पेरणाऱ्याच्या डोक्यामागे आला आहे, संतांच्या चित्रांत प्रभावळ असते तसा. १८७५ मध्ये लिलावगृहात जाणवलेले पावित्र्य इथे रंगाने सांगितले आहे. हिरोशिगे आहे, गोगँच्या सहवासाचा परिणाम आहे, मिले तर आहेच, आणि तरी हे चित्र दुसऱ्या कुणाचे आहे असे कुणी म्हणणार नाही.

पुन्हा गिरवणे

गोष्ट इथे संपली असती तर ती नीटनेटकी झाली असती: आधी नक्कल, मग स्वतःची वाट. पण स्वतःची वाट सापडल्यावर व्हिन्सेंट पुन्हा नकलेकडे वळला.

डिसेंबर १८८८ मध्ये त्याचे मानसिक आजारपण उसळले. मे १८८९ मध्ये तो स्वतःहून सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. जुलैमध्ये मोठा झटका आला आणि त्यानंतर काही आठवडे तो खोलीबाहेर पडला नाही. समोर बसायला माणसे नाहीत, शेतात जाता येत नाही. त्यातच फ्रेंच चित्रकार देलाक्रवा याच्या ‘पिएता’ या चित्राचा त्याच्याजवळचा लिथोग्राफ तेलारंगात पडून खराब झाला. त्याचे त्याला वाईट वाटले, आणि त्याने तेच चित्र स्वतः रंगवायला घेतले. मग मिले. २० सप्टेंबरच्या सुमारास तो थिओला कळवतो की ‘शेतातली कामे’ या दहांपैकी सात झाली आहेत. नऊ वर्षांपूर्वी बोरिनाजमध्ये गिरवलेली तीच दहा चित्रे.

त्याच पत्रात त्याने आपण हे का करतो आहोत ते सांगितले आहे. चित्रकारांकडून नेहमी अपेक्षा केली जाते की त्यांनी स्वतःच रचना करावी, केवळ रचनाकार असावे. संगीतात तसे नाही, तो म्हणतो. कुणी बेथोव्हेन वाजवतो तेव्हा त्यात स्वतःचा अर्थ घालतो, आणि रचना ज्याची त्यानेच ती वाजवावी असा काही नियम नाही. देलाक्रवाचे किंवा मिलेचे काळे-पांढरे चित्र मी समोर विषय म्हणून ठेवतो आणि त्यावर रंगाची उत्स्फूर्त बढत करतो, त्यांच्या चित्रांच्या आठवणी शोधत. ब्रश बोटांत व्हायोलिनच्या गजासारखा फिरतो, आणि हे मी निव्वळ माझ्या आनंदासाठी करतो.

ख्याल ऐकणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. बंदिश शंभर वर्षांपूर्वीची असली तरी मैफल आजची असते, आणि गायकाने नवी बंदिश का बांधली नाही असे कुणी विचारत नाही. चित्रकलेत मात्र आपण ही मुभा सहजासहजी देत नाही.

त्या हिवाळ्यात त्याने आणखी एक कारण लिहिले: मिलेला ज्या गोष्टी तैलरंगात करायला सवड मिळाली नाही त्या आपण करतो आहोत, काळ्या-पांढऱ्यातले छायाप्रकाश रंगांच्या भाषेत नेतो आहोत. म्हणजे उणीव कुठे आहे हे त्याला आता पुरते ठाऊक होते. ‘दुपारची विश्रांती’ हे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातले चित्र घ्या. गंजीच्या सावलीत निजलेले जोडपे, शेजारी काढून ठेवलेले बूट आणि दोन विळे, सगळी मांडणी मिलेची. पण आकाशाचा निळा आणि पेंढ्याचा पिवळा एकमेकांना असे पेटवतात की दुपारचे ऊन अंगावर येते. लाव्हिएयच्या लाकडी ठशात ते ऊन असणे शक्यच नव्हते.

जानेवारी १८९० मधले ‘पहिली पावले’ न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. थिओने मिलेच्या त्या चित्राचे छायाचित्र पाठवले होते. व्हिन्सेंटने त्यावर चौकोन आखले आणि शाळेत शिकवतात त्याच रीतीने, चौकोनागणिक, ते कॅनव्हासवर मोठे केले. परसात फावडे बाजूला टाकून, गुडघ्यावर बसून बाप हात पसरतो आहे. आई वाकून मुलाला धरते आहे. कुंपणावर कपडे वाळत आहेत. थिओची बायको योहाना तेव्हा गरोदर होती, ३१ जानेवारीला मुलगा झाला आणि त्याचे नाव व्हिन्सेंट ठेवले. चित्र फिक्या हिरव्या-निळ्या रंगांत आहे, त्याच्या इतर कामापेक्षा पुष्कळ मवाळ. मिलेची रचना उसनी आहे, भावना उसनी नाही.

३ मे १८९० च्या पत्रात थिओने लिहिले की मिलेवरून केलेली ही चित्रे कदाचित तुझ्या आजवरच्या कामातली सर्वोत्तम आहेत. थिओ चित्रांचा व्यापारी होता, त्याची नजर तयार होती, आणि त्याच्यासमोर तोवर सूर्यफुले होती, तारांकित रात्रही होती. मी त्याच्याशी सहमत नाही. नोव्हेंबर १८८८ चा पेरणारा मला या एकविसांहून मोठा वाटतो. पण नकला म्हणून ही चित्रे खालच्या फळीत टाकण्याची जी सवय आहे, तिच्यापेक्षा थिओचे मत मला जास्त विचारात घेण्याजोगे वाटते.

या प्रकरणावरून काय म्हणता येते

गिरवले की स्वतःचे सापडतेच, असे या प्रकरणावरून सिद्ध होत नाही. मिलेची छापचित्रे त्या काळी घराघरांत होती, गिरवणारेही पुष्कळ होते. व्हिन्सेंटच्या बाबतीत तीन गोष्टी जुळून आल्या. त्याने एकच आकृती वर्षानुवर्षे सोडली नाही. मिलेबाहेरचे, म्हणजे पॅरिस आणि जपान, त्याने तितक्याच भुकेने घेतले. ते घेतले नसते तर मिलेतली उणीव त्याला दिसली नसती. आणि त्याने ऋण लपवले नाही. नकलांखाली मिलेचे नाव तो घेत राहिला. जानेवारी १८९० मध्ये समीक्षक आल्बेर ओरिए याने त्याच्यावर गौरवाचा लेख लिहिला, तेव्हाही आभार मानताना त्याने माँतिसेली आणि गोगँ या चित्रकारांचा वाटा आपल्याआधी मोजायला सांगितला.

वर्गातल्या विद्यार्थ्यासाठी मी यातून एक व्यवहारातली गोष्ट घेतो. आवडते चित्र त्याच्याकडे कोणत्या रूपात पोचले आहे, हे आधी विचारावे. मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेल्या चित्रात आकार हरवतो, रंगाचा थर हरवतो, ब्रशचा जोर हरवतो. व्हिन्सेंटच्या छापचित्रांत रंग हरवला होता. जे पोचले आहे ते मन लावून गिरवू द्यावे, आणि जे पोचलेले नाही त्याकडे कधीतरी, घाई न करता, त्याचे लक्ष वेधावे. गिरवणे थांबवायला सांगू नये.

व्हिन्सेंटने ते थांबवले नाही. मे १८९० मध्ये तो सँ-रेमी सोडून पॅरिसजवळच्या ओव्हेरला राहायला गेला. तिथे रोज नवी चित्रे होत असताना, जूनमध्ये त्याने थिओकडे बार्गची कोळशाने करायच्या रेखाटनांची पुस्तिका मागवली: साठ पाने आहेत, महिन्याभरात सगळी पुन्हा काढायची आहेत, प्रमाणांचा आणि शरीराचा अभ्यास चालू ठेवला नाही तर पुढे अडचण होईल.